अस्तर लावू काय?

माझी आत्या इचलकरंजीत ब्लाउज आणि ड्रेस शिवते. घराच्या पुढच्या खोलीत तिचं मशीन आहे, शेजारी पिको-फॉलच्या साड्यांचा ढीग. गिऱ्हाईक कापड घेऊन आलं की ती लगेच टेप काढत नाही. आधी कापडाची घडी मोडते, एक पदर खिडकीच्या उजेडाकडे धरते आणि आतून तळहात फिरवते. बोटं स्पष्ट दिसली की तिचा ठरलेला प्रश्न येतो, ‘अस्तर लावू काय?’

लहानपणापासून हा प्रश्न मी इतक्या वेळा ऐकलाय, की त्यात काही विशेष आहे असं मला कधी वाटलं नव्हतं. तो आठवला एका फोटोमुळे. मध्यंतरी रात्री मोबाइल चाळताना केट मॉसचा १९९३ सालचा एक जुना फोटो समोर आला. लंडनमधली पार्टी, एका मॉडेलिंग एजन्सीच्या स्पर्धेनिमित्त दिलेली. केट तेव्हा १९ वर्षांची. अंगात लायझा ब्रूस या डिझायनरचा चंदेरी, साध्या पट्ट्यांचा, सरळ खाली उतरणारा ड्रेस. तो आरपार दिसतोय. शेजारी नेओमी कॅम्पबेल. केटच्या चेहऱ्यावर मात्र आपण काही धाडस करतोय असा भाव अजिबात नाही.

‘नेकेड ड्रेस’ म्हणून जो प्रकार आज दर रेड कार्पेटवर दिसतो, त्याच्या इतिहासात हा फोटो हमखास दाखवतात. त्यामागची गोष्ट मात्र कमी सांगितली जाते. केटने पुढे सांगितलं, की घरून निघताना त्या खोलीच्या अंधुक उजेडात तो ड्रेस पारदर्शक दिसतच नव्हता. लोक एवढे का खळबळलेत हे तिला कळेना. ड्रेस आरपार केला तो फोटोग्राफरच्या फ्लॅशने.

हे वाचलं आणि मी मोबाइल बाजूला ठेवला. कारण १९ वर्षांची असताना अगदी हेच माझ्या बाबतीत घडलं होतं. त्याकडे येतेच. आधी कापडाबद्दल बोलू.

पातळ कापड म्हणजे काय? सुताच्या उभ्या-आडव्या धाग्यांमध्ये असलेली असंख्य छोटी भोकं. मंद उजेडात कापडाच्या पृष्ठभागावरून जेवढा प्रकाश परत येतो, तेवढा आतून येत नाही, म्हणून आपल्याला कापड दिसतं. समोरून एकदम झगझगीत प्रकाश आला की तो भोकांतून आत शिरतो, त्वचेवर आपटून परत येतो आणि कॅमेरा तो टिपतो. म्हणजे एकच ड्रेस एका खोलीत झाकलेला असतो आणि दुसऱ्या खोलीत उघडा. आत्या कापड खिडकीकडे धरते ते यासाठीच. कापड किती पातळ आहे हे उजेड ठरवतो, हे तिला फिजिक्स न शिकता ठाऊक आहे.

या कापडाचा इतिहास मागे नेला तर आपण लंडन-पॅरिसहून थेट ढाक्याला पोचतो. मेघना नदीच्या काठी ‘फुटी कार्पास’ नावाची कापसाची एक जात होत असे. तिच्या आखूड धाग्यातून इतकं बारीक सूत निघायचं, की ते कोरड्या हवेत तुटायचं. म्हणून सूत कातणाऱ्या बायका दमट हवेची वेळ साधून, पहाटे नदीच्या आसपास काम करायच्या. त्या मलमलीच्या जातींना नावं होती ‘शबनम’ म्हणजे दव आणि ‘आब-ए-रवाँ’ म्हणजे वाहतं पाणी. औरंगजेबाची एक आख्यायिका सांगतात. मुलगी दरबारात आली तेव्हा तिचं अंग दिसतंय म्हणून तो चिडला. तिने उत्तर दिलं, मी सात पदर गुंडाळलेत. गोष्ट खरी असो-नसो, त्यातला बापलेकीचा संवाद आपल्या घरातला वाटतो.

हीच मलमल युरोपात गेली आणि तिथे गोंधळ झाला. १७८३ साली एलिझाबेथ विजे लब्रन या चित्रकर्तीने फ्रान्सची राणी मारी आंत्वानेतचं एक चित्र पॅरिसच्या प्रदर्शनात लावलं. राणीच्या अंगात भरजरी रेशमी झगा नव्हता, पांढऱ्या मलमलीचा सैलसर अंगरखा होता. लोक म्हणाले, राणी आतल्या कपड्यांत बाहेर आलीय. चित्र उतरवावं लागलं. राणीने फ्रेंच रेशीम सोडून परदेशी मलमल घातली, हाही राग होता. त्या चित्रातला कपडा आज आपल्याला चांगला अंगभर वाटतो, हे लक्षात घ्या.

राज्यक्रांती झाली, राणीचा शिरच्छेद झाला, आणि काही वर्षांतच पॅरिसच्या उच्चभ्रू बायका त्याच मलमलीचे, ग्रीक पुतळ्यांसारखे दिसणारे झगे घालायला लागल्या. त्यांना ‘मेर्वेय्योज’ म्हणत, म्हणजे ‘अद्भुत बायका’. तेरेझा तालियाँ त्यांच्यात सगळ्यांत प्रसिद्ध. ती क्रांतीच्या धामधुमीत तुरुंगात होती, गिलोटिनच्या सावलीतून परत आलेली. काचणारे कॉर्सेट आणि सांगाड्यावर फुगवलेले घागरे टाकून तिने हलका, वाऱ्यावर उडणारा कपडा निवडला. इंग्रज व्यंगचित्रकारांना तर खाद्यच मिळालं. आयझॅक क्रुकशँकने १७९९ साली पॅरिसच्या बायकांचा ‘हिवाळी पोशाख’ म्हणून जवळजवळ पारदर्शक झग्यांतल्या बायका रंगवल्या.

त्या चित्रांत बायकांची खिल्ली आहे. मलमल विणणारे हात कुठेच नाहीत. त्याच काळात ढाक्याच्या विणकरांवर ईस्ट इंडिया कंपनीची पकड घट्ट होत होती. आगाऊ रक्कम देऊन त्यांना बांधून ठेवायचं, भाव आपण ठरवायचा. पुढे इंग्लंडच्या गिरण्यांचं स्वस्त कापड आलं आणि तो धंदा बसला. फुटी कार्पासची लागवडही संपली. मी ज्या गावात वाढले तिथे रात्रंदिवस मागांचा खडखडाट असतो. त्यामुळे असेल, पण झिरझिरीत कपड्यावर चर्चा सुरू झाली की मला आधी हेच दिसतं. अशा कपड्यातून बाईचं अंग सगळ्यांना दिसतं, ते विणणारी माणसं कुणालाच दिसत नाहीत.

विसाव्या शतकात कापडाबरोबर कॅमेरा आला. १९ मे १९६२ रोजी न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये राष्ट्राध्यक्ष केनेडींच्या वाढदिवसानिमित्त मेरिलिन मन्रो गायला उभी राहिली. जाँ लुई या डिझायनरने तिच्यासाठी त्वचेच्या रंगाच्या तलम रेशमी जाळीचा ड्रेस केला होता. त्यावर अडीच हजारांवर चमकते खडे हाताने टाकलेले. रेखाटन केलं होतं तेव्हा अगदी तरुण असलेल्या बॉब मॅकीने. ड्रेस इतका घट्ट, की तो तिच्या अंगावरच शिवला गेला. प्रकाशझोत पडला की खडे तेवढे चमकायचे, कापड नाहीसं व्हायचं. फ्लॅशने केटला गाठलं, तर मेरिलिनने प्रकाशझोत आधीच हिशेबात धरला होता. हा फरक मला फार महत्त्वाचा वाटतो.

जाता जाता एक. ‘त्वचेचा रंग’ म्हणजे कुणाच्या त्वचेचा? आमच्या गावच्या दुकानात आजही ‘स्किन कलर’ मागितला की फिकट बिस्किटी कापड पुढे येतं. ते माझ्या रंगाला जुळत नाही, आत्याच्या रंगाला तर नाहीच नाही.

१९६८ साली पॅरिसमध्ये ईव्ह सें लोराँने काळ्या शिफॉनचा एक ड्रेस रॅम्पवर आणला. पूर्ण पारदर्शक, फक्त कमरेखाली शहामृगाच्या पिसांचा पट्टा. दोनच वर्षांपूर्वी याच माणसाने बायकांसाठी पुरुषी कोट-पँटचा सूट केला होता. त्यानेही गहजब झालाच होता. म्हणजे बाईने सगळं अंग झाकलं तरी त्रास आणि काहीच झाकलं नाही तरी त्रास. पुढच्या वर्षी जेन बर्किन ही अभिनेत्री ‘स्लोगन’ या सिनेमाच्या प्रीमियरला एक आखूड काळा ड्रेस घालून गेली. तोही फ्लॅशमध्ये आरपार दिसला. एवढा पारदर्शक आहे हे माहीत नव्हतं, असं ती नंतर म्हणाली, आणि पुढे मिश्कीलपणे हेही म्हणाली, की माहीत असतं तर आतलं अंतर्वस्त्रसुद्धा घातलं नसतं.

बर्किनचं हे वाक्य वाचून मी हसले होते. केटचं वाचून हसू आलं नाही. दोघींबाबत घडलं तेच, फ्लॅशही तसाच. मग फरक कुठे पडला?

तो मला केटच्या आधीच्या वर्षांत सापडला. ती १४ वर्षांची असताना न्यूयॉर्कच्या विमानतळावर एका एजन्सीच्या बाईंनी तिला हेरलं. २०२२ साली बीबीसीवरच्या ‘डेझर्ट आयलंड डिस्क्स’ या कार्यक्रमात तिने त्या दिवसांबद्दल सांगितलं. १५ वर्षांची असताना एका कॅटलॉगच्या शूटला गेली, तिथल्या माणसाने कपडे उतरवायला सांगितलं. काहीतरी चुकतंय हे तिला जाणवलं. तिने आपलं सामान उचललं आणि पळाली. पुढे पुष्कळदा तिला पळता आलं नाही. नको असताना, रडत रडत तिने कॅमेऱ्यासमोर काम केलं, कारण नाही म्हटलं तर पुन्हा बोलावणार नाहीत ही भीती होती. जगाने तिच्यातला बिनधास्तपणा पाहिला. तो बिनधास्तपणा पुष्कळ वेळा दुसऱ्या कुणीतरी ठरवलेला होता.

म्हणून १९९३ च्या फोटोकडे मी आता ‘धाडसी ड्रेस’ म्हणून बघू शकत नाही. ती मुलगी मैत्रिणीच्या घरून एक छान, हलका ड्रेस घालून निघाली होती. धाडस तिच्या नावावर नंतर लिहिलं गेलं.

आता माझी गोष्ट. दुसऱ्या वर्षाला असताना गॅदरिंगमध्ये मी सूत्रसंचालन करत होते. आत्याने पांढऱ्या वॉइलचा कुर्ता शिवला होता. तिने नेहमीप्रमाणे विचारलं होतं आणि मी म्हटलं होतं, ‘नको गं आत्या, उकडतं.’ घरच्या आरशात काही वाटलं नाही. स्टेजवर मागून हॅलोजन लागला आणि पहिल्या रांगेतल्या कुणीतरी मोबाइलवर फोटो काढला. रात्रीपर्यंत तो तीन ग्रुपवर फिरला. सकाळी मला ऑफिसात बोलावलं. मॅडमनी एकच विचारलं, ‘अस्तर का लावलं नव्हतंस?’

फोटो कुणी काढला, कुणी पाठवला, हॅलोजन तिथे कुणी लावला, यातलं काही विचारलं गेलं नाही. उत्तर देताना मी स्वतःचाच कुर्ता खाली ओढत होते, एवढं आठवतं. घरी आल्यावर आत्याला सांगितलं तर ती आधी स्वतःलाच दोष देत बसली. मग मशीनवरून उठली आणि म्हणाली, ‘मी तुला विचारलं होतं, तू नको म्हणालीस. कुर्ता तुझा, अंग तुझं. त्या पोरानं तुला विचारलं होतं काय?’

हे वाक्य मी तेव्हा नुसतं ऐकलं. त्याचा अर्थ लागायला बरीच वर्षं गेली.

हा प्रकार एका कॉलेजपुरता नाही, राज्याच्या पातळीवरही घडलाय. २००६ साली मुंबईत लॅक्मे फॅशन वीकमध्ये चालता चालता एका मॉडेलचा टॉप घसरला. तिने शांतपणे तो हाताने सावरला आणि रॅम्प पूर्ण केला. क्षणभराची गोष्ट. पण दृश्य टीव्हीवर पुन्हा पुन्हा दाखवलं गेलं, प्रकरण विधिमंडळात गेलं आणि सरकारने पोलिसांना चौकशी करायला सांगितलं. हे सगळं मुद्दाम केलं होतं का, याची चौकशी. ते दृश्य दिवसभर दाखवणाऱ्यांच्या हेतूची चौकशी करावी असं फारसं कुणाला वाटलं नाही.

योगायोग असा, की त्याच वर्षी मार्चमध्ये पॅरिसला अलेक्झांडर मॅक्वीनने आपल्या शोच्या शेवटी रॅम्पवर एक काचेचा पिरॅमिड ठेवला. आत पांढऱ्या ऑर्गेंझाच्या लाटांत तरंगणारी केट मॉस प्रकट झाली. ती खरी नव्हती. आरशांच्या आणि प्रोजेक्शनच्या जुन्या युक्तीने उभी केलेली प्रतिमा होती ती. काही महिन्यांपूर्वीच ड्रग्जच्या बातमीवरून तिची मोठी कंत्राटं गेली होती, तेव्हा मॅक्वीन तिच्या बाजूने उभा राहिला होता. त्या शोमध्ये कापड झिरझिरीत आणि आतलं शरीरही प्रकाशाचंच. पाहणाऱ्यांना सगळं दिसलं, हाताला काहीच लागलं नाही. पारदर्शक कपड्यातली मला सगळ्यांत आवडणारी केट हीच आहे.

मग २ मे २०२२ ची रात्र. न्यूयॉर्कच्या मेट गालाच्या पायऱ्यांवर किम कार्दाशियन मेरिलिनचा तोच १९६२ चा ड्रेस घालून आली. २०१६ च्या लिलावात ४८ लाख डॉलरला विकला गेलेला, संग्रहालयातून आणलेला. पायऱ्या चढेपर्यंतच तो तिच्या अंगात होता, नंतर तिने त्याची प्रतिकृती घातली. सगळे कॅमेरे तिच्याकडे.

त्याच रात्री केट मॉस आपल्या मुलीला घेऊन आली होती. लीला मॉस, तीही मॉडेल. अंगात बर्बेरीचा झिरझिरीत, चमकत्या खड्यांचा गाऊन. लीलाला टाइप वन डायबिटीस आहे. त्या पारदर्शक कापडातून तिच्या अंगावर चिकटवलेला इन्सुलिन पंप सगळ्यांना दिसत होता. तो झाकला नव्हता, फोटोतून पुसलाही नव्हता. त्याआधीच्या सप्टेंबरमध्ये मिलानच्या रॅम्पवरही ती तो पंप दिसेल अशीच चालली होती. डायबिटीस असलेल्या कितीतरी मुलींनी तो फोटो जपून ठेवला.

लीला तेव्हा १९ वर्षांची होती. आई त्या लंडनच्या पार्टीत होती त्याच वयाची. दोघींच्या मध्ये २९ वर्षं आणि तेवढ्याच पातळ कापडाचा एक पदर. आईच्या वेळी काय दिसणार ते फ्लॅशने ठरवलं. लेकीला माहीत होतं फ्लॅश पडणार आहे, आणि तो कशावर पडावा हे तिने ठरवून ठेवलं होतं.

आता रेड कार्पेटवरच्या प्रत्येक झिरझिरीत ड्रेसमध्ये स्वातंत्र्य असतं, असं मी म्हणणार नाही. बरेचदा तो नुसता धंदा असतो. ब्रँडला फोटो हवा असतो आणि मॉडेलला पुढचं काम. सें लोराँच्या कंपनीने २०२४ च्या सुरुवातीला जवळजवळ अख्खा शो पारदर्शक कपड्यांचा केला. मे महिन्यात बेला हदीद त्यातलाच एक ड्रेस घालून कानच्या चित्रपट महोत्सवात आली. पुढच्याच वर्षी कानच्या आयोजकांनी ‘सभ्यतेच्या कारणास्तव’ रेड कार्पेटवर नग्नतेला बंदी जाहीर केली. बातमी आली तेव्हा आमच्या मित्रमंडळींत जोरदार वाद झाला. कुणी म्हणालं बरं झालं, कुणी म्हणालं बायकांच्याच कपड्यांवर नियम का?

मी बराच वेळ गप्प होते. १७८३ चं उतरवलेलं चित्र, २००६ ची चौकशी, कानचा नियम आणि आमच्या मॅडमचा प्रश्न, सगळं एकाच रांगेत बसत होतं. अडीचशे वर्षं आपण कापड किती पातळ हे मोजतोय. घालणाऱ्या बाईला कुणी विचारलं होतं का, हे मोजायची पट्टी अजून आपल्याकडे नाही. १५ वर्षांच्या मुलीला कपडे उतरवायला सांगणाऱ्याला कुठला ड्रेसकोड लागू होतो?

गेल्या दिवाळीत घरी गेले तेव्हा पातळ जॉर्जेटचं कापड घेऊन गेले होते. आत्याने सवयीने ते खिडकीकडे धरलं, आतून हात फिरवला. तिची पाचही बोटं मला स्पष्ट दिसली. सुईने टोचून टोचून टोकं खरबरीत झालेली.

तिने विचारलं, ‘अस्तर लावू काय?’

मी थोडा वेळ विचार केला. म्हटलं, ‘पुढून लाव. बाह्यांना नको.’

‘बरं,’ म्हणाली आणि टेप उचलला. का, कशाला, लोक काय म्हणतील, काही नाही. वहीत माझ्या नावापुढे लिहून घेतलं: बाह्या बिनअस्तर.